दुपारची स्वस्त वीज

मुखेडात माझी पिठाची गिरणी आहे. नवा मीटर बसला तेव्हा वीज कंपनीच्या साहेबांनी आम्हा ग्राहकांची बैठक घेतली. दुपारी सौर वीज भरपूर, म्हणून दर कमी. संध्याकाळी सगळ्यांनाच वीज लागते, म्हणून जास्त. तेव्हा कामं दुपारवर न्या, ग्राहकानं लवचीक व्हायला पाहिजे, त्याचाही सहभाग हवा, असं त्यांनी समजावलं. दुपारी लाईट टिकेल का, असं मी विचारलं. तो आजचा विषय नाही म्हणाले, आणि चहा आला. मी चहा न घेताच उठले.

तरी बदलले मीच. माझ्याकडच्या बाया रोजानं शेतात जाणाऱ्या. दिवस मावळताना ज्वारी आणायच्या, दळून नेऊन लगेच भाकरी थापायच्या. त्यांना मी सकाळीच डबे ठेवून जायला सांगितलं. त्यापायी त्यांना अंधारात उठावं लागलं. एकीनंही कुरकुर केली नाही, याचाच मला जास्त राग येतो.

काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी चालू गिरणीत लाईट गेली, दाणे दगडांत अडकले. फोन केला तर दुरुस्ती चालू असल्याचं कळलं. आधी सांगावं असं कुणाला वाटलं नव्हतं. दिवेलागणीला बाया आल्या, डबे तसेच भरलेले. त्यातली एक म्हणाली, "बाई, सकाळीच ठिवून गेल्ते न मी? आता घरी काय घालू?" मला तिच्याकडे बघवेना. लाईट आल्यावर, महाग तर महाग, सगळ्यांचं दळून दिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग तिसऱ्या दिवशी बायांनी शेतातला रोज बुडवला आणि आम्ही डबे घेऊन थेट कार्यालयात गेलो, साहेबांच्या दारात मांडले. साहेब लेखी तक्रार द्या म्हणाले.

मी म्हणाले, "साहेब, आमी दुपारवर आलो. तुमची वीज कवा येनार? सहभाग म्हंजे निस्तं आमीच हलायचं का?"

त्यांनी दुरुस्ती सकाळी उरकायचं कबूल केलं, ते काही आठवडे पाळलंही. मग पुन्हा दुपारी लाईट जाऊ लागली. आता मी संध्याकाळीच दळते. जास्तीचा दर बायांवर न टाकता स्वतः सोसते.

परवा पुन्हा बैठकीचं बोलावणं आलं, भर दुपारचं. बैठक संध्याकाळी ठेवा, या बायांनाही यायचंय, असं मी कळवलं. अजून उत्तर नाही.