लेखकाला बोलवा!

स्पेनमधल्या आमच्या तेरुएल गावात एवेलिओ सान्चो सगळंच लिहायचा. सकाळी पेपरात बाप्तिस्मे, मयती आणि डुकरांचे भाव, दुपारी कादंबरी, संध्याकाळी नाटक. कादंबऱ्या एकट्या त्याच्या बायकोनं, रेस्तितुतानं, वाचल्या, त्याही नाइलाजानं. नाटकं मात्र लागायची आणि धडाधड पडायची.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आमच्याकडे नाटक आवडलं की लोक शेवटी ओरडतात, "लेखक! लेखक!" मग लेखकानं लाजत लाजत पुढे यायचं आणि वाकायचं. नाही आवडलं, तर बसल्या जागी पाय आपटतात. एवेलिओची पन्नाशी उलटली, पण त्याला बिचाऱ्याला पायच ऐकू आले होते.

त्या जानेवारीत त्याचं नवं नाटक लागलं. तो पडद्यामागे नटांच्या शेगडीला चिकटून उभा. पहिला अंक शांतपणे पार पडला. दुसऱ्यात कुठूनसं आलं, धप्प. मग धपधप. मग अख्खं थिएटर दणाणलं! "मेलो!" म्हणत एवेलिओ मागच्या दारानं सटकला, तो थेट पेपरच्या कचेरीत.

पेपरातली नाटकांची परीक्षणंही तोच लिहायचा, हे सांगायचं राहिलंच. दुसऱ्या कुणी सोलण्याआधी आपणच आपल्याला सोलावं, म्हणून तो बसला. आणि काय लिहिलंन म्हणता! नायिकेला मरायला अख्खा अंक लागतो, तोवर निम्मे प्रेक्षक तिच्या आधी जातात. लेखकानं यापुढे लेखणीनं फक्त कान कोरावा. मजकूर छापायला देऊन तो घरी आला.

मागोमाग रेस्तितुता. "अरे मेल्या, कुठे तोंड काळं केलं होतंस? घसा फाटेस्तोवर ओरडत होते लोक, लेखक, लेखक! शेवटी तो प्रॉम्प्टर वाकून गेला!"

"पण पाय आपटत होते ना?"

"थंडीनं रे गाढवा! थिएटरातला कोळसा संपला होता. मीसुद्धा आपटत होते! आणि मला मेलीला पहिल्यांदाच तुझं काही आवडलं होतं."

एवेलिओ सपाता घालूनच छापखान्याकडे धावला. अंक छापून गठ्ठे बांधूनही झाले होते.

सकाळी कॅफेत जायचा त्याला धीर होईना. रेस्तितुतानं त्याला ढकलतच नेलं. पेपर सगळ्यांच्या हातात! काल सगळ्यात जोरात टाळ्या पिटणारा एर्मोहेनेस न्हावी म्हणाला, "मला वाटलंच होतं, नाटकात दम नाही. टाळ्या काय, हात गरम व्हावेत म्हणून."

"पेपरात आलंय म्हणजे झालंच," औषधवाला म्हणाला. "थिएटरवाल्यानं आजचा खेळ काढून टाकलासुद्धा."

"अरे, पण ते मीच लिहिलंय!" एवेलिओ कळवळून ओरडला.

"ते काय आम्हाला ठाऊक नाही? नाटक तुला जमत नाही बाबा. पण हे! लेखणीनं कान कोरावा!" न्हाव्याला हसू आवरेना. त्याला बघून औषधवाला, मग सगळा कॅफे. टेबलं बडवली, कपबशा नाचल्या, आणि कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "लेखक!" झालं, सगळ्यांनीच धरलं, "लेखक! लेखक!"

एवेलिओ उठला. हात छातीवर ठेवून छान वाकला. वर येताना मात्र त्याला खरंच रडू फुटलं. लोकांना वाटलं, लेकाचा काय सोंग आणतोय, आणि त्यांनी दुप्पट टाळ्या वाजवल्या. दारात उभी असलेली रेस्तितुता तेवढी टाळ्या वाजवत नव्हती.