जावईबापूंची कुरळी दाढी

उस्तादांनी दाढी केलेल्या गालावर माशी बसली तर घसरून पडते, असं त्या रस्त्यावर बोललं जायचं. बोलणाऱ्यांत उस्तादांचा स्वतःचा आवाज सगळ्यात मोठा असायचा, हा भाग वेगळा. बस डेपोसमोर, चपला शिवणाऱ्याचं दुकान आणि किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी यांच्यामध्ये त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. त्यातली एक खुर्ची नावालाच. तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं मांडी घालून बसलेली असत. काम चालायचं ते दुसऱ्या खुर्चीवर, आणि अडतीस वर्षं एकाच हातानं.

त्या हाताची एक पद्धत ठरलेली होती. आधी सुलटा हात, म्हणजे केस जिकडे वाढतात तिकडे. मग पुन्हा फेस आणि मग उलटा हात. तो चालू असताना डाव्या अंगठ्यानं कातडी अशी ताणायची, की केस मुळापासून वर यावा आणि तिथंच कापला जावा. शेवटी बोटांची पाठ गालावरून फिरवायची. कुठं कणभर खरखर लागली, तर तिथं तिसरा हात. गिऱ्हाईक उठताना गाल चोळत म्हणायचं, "वा उस्ताद!" आणि उस्ताद मान किंचित वाकवायचे, जणू त्यात काय विशेष.

उस्तादांना एकच मुलगी. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिनं स्वतः पसंत केलेला नवरा अग्निशमन दलात होता. पोरगा उंचापुरा, बोलायला गोड. डोक्यावरचे केस इतके कुरळे की आत गेलेला कंगवा बाहेर काढताना दोघं लागावेत. दाढीही त्याच जातीची. जाड, तारेसारखी, एकेक केस स्प्रिंगासारखा वळलेला. आणि नोकरी अशी की दाढी ठेवायची सोय नाही. धुरात शिरताना तोंडावर जो मास्क लावतात, तो कातडीला घट्ट चिकटायला हवा. मध्ये दाढीचे खुंट आले, की फटीतून धूर आत.

"मग काळजी कसली?" साखरपुड्याच्या दिवशीच उस्ताद म्हणाले होते. "जावईबापूंची दाढी आजपासून माझ्याकडे."

सोमवारी सलूनला सुट्टी असायची. त्या दिवशी उस्ताद खास जावयासाठी शटर अर्धं वर करायचे. नवा टॉवेल, नवं पातं, आणि एरवीपेक्षा एक हात जास्त. बाकीच्या दिवशी जावई घरी दाढी करायचा, तीही सासऱ्यांनी शिकवलेल्या उलट्या हातानं. कधी त्याच्या गळ्यावर पुटकुळ्या दिसल्या, तर उस्ताद म्हणायचे, "तुमच्या घरचा साबण भिकार दिसतोय. बदला तो." मग चिमटा घेऊन आत वळलेले केस एकेक करून उपटायचे. जावई खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचा. उठल्यावर "छान झाली, बाबा" म्हणायचा.

दीड वर्ष हे असं चाललं. मग एका सोमवारी जावई आलाच नाही. फोन आला, की स्टेशनवर बंब धुवायचा आहे. पुढच्या सोमवारी पाय मुरगळला. तिसऱ्या सोमवारी पुन्हा पायच, पण या वेळी दुसरा.

"अगं, पाय मुरगळला म्हणून दाढी राहते का?" उस्तादांनी बायकोला विचारलं.

"पोराला एखादा सोमवार झोपू द्या की," बायको म्हणाली.

उस्तादांच्या डोक्यात मात्र भलताच किडा शिरला होता. चौकात काचेच्या दाराचं एक नवीन सलून निघालं होतं, आत गाणी लावणारं. जावई तिकडं जातो की काय? विचार मनात आल्यापासून त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी ते त्या सलूनसमोरच्या बाकावर वर्तमानपत्र तोंडापुढं धरून पहाऱ्याला बसले. तासाभरानं काचेचं दार उघडलं आणि सलूनवाला तरुण हात जोडून बाहेर आला. "उस्ताद, तुम्ही असे उन्हात? आत या ना! आमचं भाग्य!"

नाही म्हणायची सोय उरली नाही. त्यानं उस्तादांना मऊ खुर्चीत बसवलं, मालिश करून त्यांचं डोकं पार हलवून सोडलं, आणि वर विचारलं, "हात कसा वाटला?" उस्तादांनी घुम्यासारखी मान डोलावली. जावयाचा मात्र तिथं मागमूस नव्हता. तेलकट डोक्यानं ते तडक मुलीच्या घरी गेले.

दार मुलीनं उघडलं. आत जावई गळ्याभोवती थंड पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळून बसला होता. सासऱ्यांना पाहताच तो ताडकन उठला आणि टॉवेल खाली पडला. हनुवटीखालून पार गळ्यापर्यंत लालभडक पुटकुळ्या. काहींत पू धरलेला, काही सुकून काळ्या पडलेल्या.

"हे काय?" उस्ताद दारातच थांबले.

"काही नाही हो बाबा, माझी कातडीच नाजूक आहे."

"आगीत शिरणाऱ्याची कातडी नाजूक?" मुलगी नवऱ्याकडं पाहून म्हणाली. मग वडिलांकडं वळली. "बाबा, मी सांगते, कारण हा मेला तरी सांगणार नाही. तुमच्या हातानं नाहीतर तुम्ही शिकवलेल्या पद्धतीनं दाढी झाली, की दोन दिवसांत हे असं होतं. दर वेळी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हा पाय मुरगळून घेतो."

उस्ताद खुर्चीवर टेकले. चहा आला, त्यावर साय धरली, तरी त्यांनी कप उचलला नाही. त्यांना ते सगळे सोमवार आठवले. चिमटा आठवला. खुर्चीचे हात धरून बसलेली जावयाची बोटंही.

"डॉक्टरला दाखवलं?" त्यांनी विचारलं.

"उद्याची वेळ घेतलीय."

"मीही येतो."

त्वचेच्या डॉक्टरीण बाई वयानं लहान पण जिभेनं तिखट होत्या. दिव्याखाली जावयाचा गळा इकडून तिकडून पाहत त्या म्हणाल्या, "तुमची दाढी करतं कोण? एकदा पाठवून द्या त्याला माझ्याकडं."

जावई छताकडं बघू लागला. कोपऱ्यातून आवाज आला, "पाठवायची गरज नाही. मी आलोय."

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढून समजावलं. सरळ केस कापला, तर सरळ बाहेर येतो. कुरळा केस वळणं घेत येतो. तो ताणून, उलट्या हातानं कातडीच्या पातळीखाली कापला, की आत मागं सरकतो. त्याचं टोक झालेलं असतं भाल्यासारखं. मग वाढताना तो आतल्या आतच वळून कातडीत घुसतो. कधी बाहेर येऊनही वळसा घालून शेजारीच पुन्हा आत शिरतो. शरीराला वाटतं, काटा रुतला. मग सूज आणि पू.

"म्हणजे दाढी जितकी चांगली, तितका त्रास जास्त?" उस्तादांनी विचारलं.

"जितकी खोल, तितका जास्त. चांगली कुठली, ते तुम्ही ठरवा."

बाईंनी बारीक सुईनं दोन-चार केसांचे फास अलगद मोकळे केले, पण उपटले नाहीत. उपटलेला केस पुन्हा आतूनच उगवतो आणि पुन्हा वळतो, म्हणाल्या. लावायला मलम दिलं आणि महिनाभर वस्तरा बंद सांगितला. अगदीच वाढली, तर ट्रिमरनं वरवर कमी करायची.

दाढी वाढवलेल्या माणसाला मास्क लावता येत नाही, म्हणून स्टेशनवरच्या साहेबांनी जावयाला महिनाभर फोनवर बसवलं. बाकीचे बंब घेऊन सुसाट निघायचे आणि हा खुर्चीत बसून लोकांचे पत्ते लिहून घ्यायचा. एकदा एका आजींनी मांजर पाण्याच्या टाकीवर अडकल्याचं कळवलं, तर स्वतः जाता येत नाही म्हणून यानं फोनवरूनच मांजराला अर्धा तास चुचकारलं. हे ऐकून उस्तादांची बायको हसून हसून लोटपोट झाली. उस्तादांना मात्र हसू आलं नाही. पोराला खुर्चीला बांधलं ते आपल्याच हातानं, हे त्यांच्या मनातून जाईना.

त्यांनी तो महिना हाताला नवं वळण लावण्यात घालवला. आणि ते भलतंच अवघड निघालं. अडतीस वर्षांची सवय. मेंदू नको म्हणायचा तोवर डावा अंगठा गालावर पोचलेला असायचा. बायकोनं सुचवलं, "डावा हात खिशातच ठेवा ना." ते त्यांनी ऐकलं. एक हात खिशात घालून दाढी करणारे उस्ताद बघायला किल्लीवाला मुद्दाम टपरी सोडून यायचा. रोजचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी उठताना हनुवटीवरून बोट फिरवलं आणि चष्म्यावरून बघितलं. "उस्ताद, राहिलीय."

"राहू दे, मास्तर. थोडी ठेवायला शिकतोय."

"या वयात?"

"आधी कुणी शिकवलं नाही."

महिना संपला. जावयाचा गळा निवळला होता, काळे डाग तेवढे उरले होते. त्या सकाळी स्टेशनवर मास्कची तपासणी होती. पास झाला, की पुन्हा बंबावर. उस्ताद पहाटेच पेटी घेऊन मुलीच्या घरी हजर झाले. आधी ट्रिमरनं दाढी उतरवून खुंट तेवढे ठेवले. मग मुलीची भुवया रेखायची पेन्सिल मागून घेतली. प्रत्येक ठिकाणी खुंट कुठल्या दिशेला झुकलेत ते बोटानं चाचपायचं आणि तिथं बाण काढायचा. गालावर बाण खाली, हनुवटीखाली आडवे, गळ्याच्या मध्यावर खालून वर. डाव्या जबड्याखाली तर एक भोवराच होता. इतक्यात दूध घेऊन आलेल्या शेजारीण काकूंनी आत डोकावलं, जावयाचा बाणांनी भरलेला गळा पाहिला आणि दूध ठेवून आल्या पावली निघून गेल्या.

मग गरम टॉवेल. मग फेस, आणि तो पाच मिनिटं तसाच मुरू दिला, म्हणजे तारेसारखे केस मऊ पडतात. नवं पातं. ताण नाही, जोर नाही, फक्त बाणांच्या दिशेनं छोटे छोटे हात, आणि दर दोन हातांनंतर पातं धुवायचं. एकदा झालेल्या जागेवर पुन्हा जायचं नाही. शेवटी थंड पाणी. उस्तादांनी बोटांची पाठ गालावर फिरवली. किंचित खरखर लागली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि वस्तरा पेटीत टाकला.

जावई स्टेशनवर गेला. पाठोपाठ अर्ध्या तासानं उस्तादही फाटकाशी उभे. पहारेकऱ्याला म्हणाले, सहज इकडून चाललो होतो.

तपासणी आवारातच होती. मास्क लावायचा, नळीचं तोंड तळव्यानं बंद करायचं आणि श्वास आत ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला, तर ठीक. जावयानं श्वास ओढला, आणि डाव्या बाजूनं फुस्स झालं.

"डावीकडं गळतंय," साहेब म्हणाले. "दाढी नीट करून ये. दहा वाजता परत बघतो."

फाटकातून उस्तादांनी हाक मारली, "साहेब, मला आत येऊ द्या. चूक माझी आहे."

स्वयंपाकघरातून एक खुर्ची आली. आवारातल्या नळाशी जावई बसला, आणि सगळं स्टेशन भोवती जमलं. उस्तादांनी डावा जबडा बोटानं पुन्हा चाचपला, आणि त्यांच्या लक्षात आलं. भोवऱ्यापाशी त्यांनी बाण वाकडा काढला होता. केस कानाकडून हनुवटीकडं वळत होते आणि वस्तरा त्यांच्यावरून आडवा गेला होता. म्हणून तिथले खुंट लांब राहिले. एक उलटा हात मारला असता, तर क्षणात जागा साफ झाली असती. हात तिकडं वळलाही. जावयानं डोळे मिटले.

"नाही, नाही," उस्ताद स्वतःलाच म्हणाले. त्यांनी त्या जागेवर पुन्हा फेस लावला, बाकीच्यांना मुकाट उभं ठेवून तो मुरू दिला, आणि कानाकडून हनुवटीकडं चार छोटे हात फिरवले.

दहा वाजता मास्क चेहऱ्याला असा चिकटला की साहेबांनी ओढूनही हलला नाही. जावयानं अंगठा वर केला. आत तो हसत होता. मास्कच्या काचेवर वाफ धरली.

उस्ताद पेटी आवरत होते, तेवढ्यात मागून एक दांडगा जवान आला. त्यानं कॉलर खाली ओढून गळा दाखवला. तशाच पुटकुळ्या. "बाबा, माझंही बघता का जरा?" त्याच्यामागं आणखी एक उभा होता. आतापर्यंत दोघांनाही वाटत होतं, की हे आपल्या एकट्यालाच होतं.

त्यांना उस्तादांनी आधी डॉक्टरीण बाईंचा पत्ता दिला आणि मग आपल्या सलूनचा. महिन्याभरानं दोघंही गळ्यावर बाण काढून घ्यायला आले. पुढं हळूहळू कुठून कुठून कुरळ्या दाढीचे लोक यायला लागले. काचेच्या सलूनमधला तरुण एक दिवस दुपारी येऊन निमूट शेजारी उभा राहिला आणि बाण कसे काढतात ते बघून गेला. उस्तादांनी त्याला दोनदा दाखवलं. मास्तरांना मात्र त्यांनी जुनी गुळगुळीत दाढी परत दिली. त्यांचे केस सुईसारखे सरळ; त्यांना कसली भीती नव्हती.

जावई आता स्वतःची दाढी स्वतःच करतो, सासऱ्यांनी काढून दिलेला नकाशा आरशाच्या कोपऱ्यात खोचून. कधीमधी एखादी पुटकुळी येते, पण तेवढीच. सोमवारी मात्र तो न चुकता येतो. अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरतो, वर्तमानपत्रं खाली ठेवून रिकाम्या खुर्चीत बसतो आणि स्टेशनवरच्या गोष्टी सांगायला लागतो. त्या संपता संपत नाहीत. हा पोरगा इतका बोलका आहे, हे दीड वर्ष गळ्यावर वस्तरा धरल्यामुळं उस्तादांना कधी कळलंच नव्हतं.