चुकलेला चाळिसावा दिवस

त्रोयानच्या वाचनालयात इस्क्रा रहस्यकथांचं कपाट रिकामं करत होती. ती पुस्तकं खोक्यांत भरून तळघरात जायची होती. कपाटात कवितासंग्रह येणार होते. इस्क्रा सोफियाहून साहित्य शिकून आलेली, ग्रंथपाल म्हणून नवी.

"माझी माणसं तळघरात टाकतेस होय गं?" दोन्कामावशींनी दारातूनच विचारलं.

मावशी आठवड्याला दोन रहस्यकथा फस्त करत. परत येणाऱ्या पुस्तकात त्यांची चिठ्ठी असे. 'विष फारच कमी. एवढ्याने मांजर मरत नाही.' 'खुनी हुशार, फौजदार मठ्ठ.' इस्क्राला हसू येई. पण याला ती वाचन म्हणत नसे.

"संध्याकाळी लेखक ग्लुशकोव कादंबरी वाचून दाखवायला येतायत. त्यांच्यासमोर काही बोलू नका, मावशी."

"बघू."

ग्लुशकोव आले. त्यांच्या नव्या कादंबरीत नदीत एकाचं प्रेत सापडतं. तो चार मार्चला मेला, असं डॉक्टर सांगतात. बायको त्या दिवशी दूर वार्ना शहरात, म्हणून सुटते. शेजारी पकडला जातो.

वाचन संपलं. मावशी उठल्या. इस्क्राने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही भलत्यालाच धरलंत, साहेब."

लोक हसले. "आता यांनाच फौजदार करा!" कुणीतरी मागून ओरडलं.

"बायकोने नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेचं पत्रक दारावर लावलं. प्रार्थना अकरा एप्रिलला. मेल्याचा दिवस पहिला धरून चाळीस मोजा."

ग्लुशकोवांनी बोटांवर मोजलं. "बारा येतो. एका दिवसाची तर चूक! आणि लोक चाळिसावा आधीही उरकतात."

"उरकतात, पण शनिवार गाठून, तो मेलेल्यांचा वार. तुमचा अकरा एप्रिल मंगळवार आहे, तुम्हीच लिहिलंय. मंगळवारी कोण उरकतं? तिने बरोबर मोजलं, पण तीन मार्चपासून. नवरा तीनला मेला, हे एकट्या तिलाच ठाऊक होतं. मारून मग गेली वार्नाला."

ग्लुशकोवांनी पुन्हा मोजलं. मग पुस्तक मिटलं.

"बाई, तुम्ही करता काय?"

"छापखान्यात होते. छत्तीस वर्षं मयताच्या पत्रकांचे खिळे जुळवले. या गावातला एकही चाळिसावा माझ्या हातून चुकलेला नाही." मावशींची मान ताठ होती.

"माझी कादंबरी तुम्ही माझ्यापेक्षा नीट वाचलीत," ग्लुशकोव म्हणाले. त्यांनी आपलीच प्रत पुढे केली. "यात लिहून द्या. सहीसकट."

मावशींनी लिहिलं: 'कादंबरी चांगली. खुनी बायको. दोन्का, जुळारी.'

इस्क्रा बघतच राहिली. चार वर्षं ती बारकाईने वाचायला शिकली होती. कादंबरीतलं ते पत्रक तिनेही वाचलं होतं. दोनदा.

माणसं पांगल्यावर तिने खोकी उघडली. रहस्यकथा एकेक करून कपाटात लावायला घेतल्या.

"आणि कविता?" मावशींनी विचारलं.

"त्यांना दुसरं कपाट बघू. तुम्ही इथे बसा. या तीन पुस्तकांबद्दल सांगा, मी लिहून घेते."

मावशींनी खुर्ची ओढली. "पहिलं टाकाऊ. कारण सांगते, लिही."