अमोघचा उजवा गाल

त्रिपुरसुंदरी अक्कांनी अमोघच्या गालावरची तीट पदराच्या टोकानं पुसली, ती फक्त चित्रासाठी.

अक्का तंजावरकडच्या मराठी घरातल्या. चेन्नईत अड्यारच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या खालच्या मजल्यावर बँकेच्या नोकरीपायी साताऱ्याहून आलेलं जोडपं राहतं. अमोघ त्यांचा, दोन वर्षांचा. त्याच्या आईला, यामिनीला, त्याचं कोळशातलं चित्र सासूबाईंना धाडायचं होतं.

अमोघ चकलीसारखा मुरुक्कू चावत स्टुलावर बसला. कोळशाच्या कामात गालाला रेघ नसते. बोटानं भुकटी पसरत, पुसत, उजेडाला जागा करून द्यायची. पंखासुद्धा बंद ठेवावा लागतो. त्या काळ्या ठिपक्याशेजारी बाकी सगळा गाल फिका दिसत होता. म्हणून पुसली.

संध्याकाळी खालून यामिनीचा आवाज आला, "अहो, अंग नुसतं भाजतंय याचं!" अक्का जिना उतरेपर्यंत ऑटो निघून गेली होती. फाटक उघडंच.

चित्रात एकच डोळा झाला होता. दुसऱ्यासाठी अक्कांनी कोळशाची कांडी उचलली, तर हात कागदाला टेकेना. दृष्टबिष्ट काही नसतं, असं वर्गात पोरींना त्याच सांगत. फोन हातात घेतला. पण विचारायचं काय? ठेवून दिला. शेवटी अंगठा भुकटीत बुडवून त्यांनी त्या मऊ गालावर, सगळ्या दिवसाच्या कामावर, दाबला.

सकाळी जिन्यात पावलं वाजली.

"अक्का, उतरला ताप! परवा लस टोचली होती ना, त्याचाच. घाबरून मी विसरलेच. डॉक्टर हसले मला." यामिनीच्या कडेवर अमोघ, गाल कोरा. "अगंबाई, चित्रावर डाग पडला?"

"डाग नव्हे. तीट लावली मी."

"तुम्ही?" यामिनीला हसू आवरेना. "मी तर सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात म्हणून लावते. निघेल का हो?"

"निघेल की. बसव त्याला. कण्णा, बाळा, इकडं पाहा."

मऊ रबर दाबून दाबून अक्कांनी ठिपका उचलला. मग दुसरा डोळा घेतला. हात आता टेकत होता.

तेवढ्यात अमोघ शिंकला.

यामिनी खिडकीशी फोनवर बोलत होती. चित्रातल्या कानामागच्या सावलीत, जिथं तसाही काळोखच असतो, अक्कांनी कांडीचं टोक हलकेच टेकवलं.