कट म्हणेपर्यंत

बापाने धाकटीसाठी पहिल्यांदा पट्टा काढला तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि कारण काय, तर ती आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली. त्याआधी थपडा होत्या, कानाखाली जाळ होता, पण पट्टा थोरल्या भावासाठी राखून ठेवलेला होता. मुलगी मोठी व्हायला लागली तसा तिलाही तो मान मिळाला. बाप एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायचा आणि त्याची भरपाई घरी येऊन करून घ्यायचा. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत तो मुलीची पाठ सोलून काढायचा आणि आत स्वयंपाकघरात आई नळ सोडायची. पूर्ण. भांड्यांवर पाणी असं आदळायचं की शेजाऱ्यांना वाटावं, काय कामसू बाई आहे!

पुढे बाप मेला. धाकटीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बापाला तिने केव्हाच माणसांतून काढून टाकलं होतं. तिचा राग होता तो आईवर. पट्टा खाताना तिचे डोळे सारखे स्वयंपाकघराच्या दाराकडे असायचे. आता येईल, मग येईल. आई एकदाही आली नाही.

शिकून धाकटी एका स्टुडिओत लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापायला लागली. परक्या आया परक्या मुलींना मिठ्या मारून रडताना तिने इतक्या वेळा पाहिल्या की एक दिवस तिचं डोकं फिरलं आणि तिने ठरवलं, आपण आपला सिनेमा काढायचा. एक मुलगी वयात येते, बस्स. निर्मात्यांचे उंबरे झिजवून झाले. एकाने विचारलं, "मुलगी शेवटी होते कोण? डॉक्टर? खेळाडू?" ती म्हणाली, "मोठी होते." "मग त्यात गोष्ट काय?" म्हणून त्याने चहा मागवला, तोही स्वतःपुरता.

शेवटी पदरमोड करून त्याच जुन्या घरात शूटिंग सुरू झालं. कॅमेऱ्याला मित्र, आवाजाला मैत्रीण. नायिका खालच्या मजल्यावरची, तेरा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. बापाच्या कामाला नट परवडेना, तेव्हा दादाच उभा राहिला. दादा गॅरेजमध्ये ट्रकचे ब्रेक दुरुस्त करायचा, स्वभावाने गरीब गाय. पण त्याने बापाचा जुना शर्ट अंगात घातला आणि आईच्या हातातला कप खाली पडला.

आणि आईला काय काम? धाकटीने आईला नळ दिला.

"मी ॲक्शन म्हणाले की नळ सोडायचा," ती म्हणाली. "पूर्ण."

आईने तिच्याकडे पाहिलं. "किती सोडायचा ते मला माहीत आहे."

नळाचा आवाज नंतरही भरता आला असता. धाकटीने हे मुद्दाम केलं होतं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिने आईच्या हातात दिलं होतं आणि आईने ते मुकाट्याने घेतलं.

पट्ट्याचा सीन शेवटी ठेवला होता. भिंगरी गादीवर पडलेली, दादाने तिच्या शेजारी गादीवर पट्टा मारायचा, कॅमेरा असा लावलेला की बघणाऱ्याला फटका अंगावर बसल्यासारखा वाटावा. कापडी पट्टा फुसका दिसत होता, म्हणून दादाने कपाटातून खरा काढला. धाकटीने सगळ्यांना बजावलं, "मी कट म्हणेपर्यंत कोणी थांबायचं नाही. चुकलं तरी नाही."

पहिल्या टेकला दादाने पट्टा गादीवर नुसताच टेकवला. दुसऱ्याला तो कसनुसं हसला. धाकटी भडकली. "तुला काय कमी मारलंय का त्याने? आठव की!" दादाचा चेहरा खर्रकन उतरला. तिसऱ्या टेकला त्याला काही सांगावं लागलं नाही.

पट्टा गादीवर बसला, धूळ उडाली. आत नळ धो धो वाहत होता. आणखी एक फटका. मग भिंगरी चुकून उलट्या बाजूला वळली आणि पुढचा फटका तिच्या दंडावरून मानेपर्यंत बसला. तिने किंकाळी फोडली. कॅमेरावाल्याने मान वळवून धाकटीकडे पाहिलं.

धाकटी छोट्या पडद्यासमोर उभी होती. पडद्यावर भिंगरीचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे गेले होते. हीच नजर तिला हवी होती. कितीदा समजावलं, करून दाखवलं, पण ती पोरीला जमत नव्हती, आणि आता ती समोर होती, जशीच्या तशी. कट हा शब्द धाकटीच्या ओठांपर्यंत आला आणि तिने तो गिळला. चालू ठेव, म्हणून तिने हाताने खूण केली.

दादाने पुन्हा पट्टा उगारला. पाठीवर. पुन्हा. "लागतंय! खरंच लागतंय!" भिंगरी ओरडत होती. दादाचे डोळे लाल झाले होते, तोंडाला फेस आला होता, आणि बापाचं आवडतं वाक्य, जे धाकटीने लिहिलंच नव्हतं, त्याच्या तोंडून बाहेर पडत होतं. "रडशील? अजून रडशील?"

नळ बंद झाला.

आवाजवाल्या मैत्रिणीने दचकून कानांवरचे हेडफोन काढले. दार धाडकन उघडलं आणि आई जाड बुडाचं पातेलं घेऊन बाहेर आली. पहिला घाव दादाच्या भुवईवर बसला. रक्ताची चिळकांडी शर्टावर उडाली. तो गुडघ्यांवर आला तसा दुसरा घाव खांद्यावर, तिसरा पट्टा धरलेल्या बोटांवर. बोट मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"सोडा तिला!" आई किंचाळत होती. "पोरीला हात लावाल तर जीव घेईन तुमचा!"

"आई, मी आहे! आई!"

तरी तिने आणखी एक घातला. मग त्या शर्टात तिला आपला मुलगा दिसला आणि पातेलं हातातून गळून पडलं.

"कट," धाकटी म्हणाली.

आईने भिंगरीला मांडीवर घेतलं. पोरीच्या मानेवर बोटभर जाड वळ उठला होता. धाकटी जवळ गेली. पोरीची माफी मागायला हवी होती, ते सोडून तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"तेव्हा का नाही आलीस?"

"भीती वाटायची," आई म्हणाली. तिने मान वर केली. "आत्ता तुला कशाची वाटली?"

दादा भिंतीला टेकून भुवई दाबून बसला होता. "मला वाटलं, तू थांबवशील," तो एवढंच म्हणाला.

किंकाळी ऐकून भिंगरीची आई धावत वर आली. लेकीचा वळ पाहिला आणि सगळ्यांदेखत तिने धाकटीच्या मुस्काटात मारली. धाकटीचा ओठ फुटला.

"शॉट मात्र..." कॅमेरावाला चाचरत म्हणाला. धाकटीने भिंगरीला विचारलं, ठेवायचा का. ती हुंदके देत म्हणाली, "तो कोणालाच दाखवायचा नाही." तिच्यासमोर तो पुसून टाकला. पुसताना धाकटीला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची तिला लाज वाटली.

दादाचे टाके निघाल्यावर तो सीन पुन्हा घेतला. या वेळी कॅमेरा स्वयंपाकघरात आणि समोर फक्त आई. बाहेर दादा डाव्या हाताने उशी झोडपणार होता.

"दोन फटके ऐकू आले की नळ बंद कर आणि बाहेर जा," धाकटी म्हणाली.

"मी गेले नव्हते."

"सिनेमात जाशील."

"नको." आईने बाह्या सारल्या. "खोटं नको दाखवूस. होतं तसं घे."

नळ सुटला. बाहेर पहिला फटका बसला. आईच्या हातात एकच ताटली होती, ती घासत होती, धूत होती, पुन्हा घासत होती. प्रत्येक फटक्याला तिचा खांदा उडत होता आणि ओठ दातांखाली पांढरा पडत होता. दाराच्या या बाजूला काय चालायचं ते धाकटीने आजवर कधी पाहिलं नव्हतं. चौथ्या फटक्याला तिला सहन होईना.

"कट!" ती ओरडली. "कट, दादा, कट!"

बाहेरचा आवाज तत्क्षणी थांबला. नळ वाहतच होता. आईने वळून पाहिलं नाही.

"लवकर म्हणालीस," ती म्हणाली. "एवढ्यात संपायचं नाही ते. पुन्हा घे."