शेपटाचं टर्पेंटाइन

मोकलकाका टर्पेंटाइनचा थेंब टिपकागदावर टाकायचे, तो उडून जाईपर्यंत समोर बसून राहायचे आणि मग कागद नाकाला लावून तोंड असं वाकडं करायचे की पाहणाऱ्याला मळमळावं. रोह्याच्या आमच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालची नवी केमिस्ट. रिफायनरीतून आलेलं तेल उकळून आम्ही त्यातून रंगात घालायचं टर्पेंटाइन वेगळं काढायचो. हलका भाग आधी वर येतो, जड भाग मागाहून. त्या जड भागाला काका शेपूट म्हणत. "शेपूट आलं का थांबायचं. ते रंगात गेलं तर रंग सुकायचा नाय गो, नुसता चिकचिकत राहील."

मॅनेजरला थांबणं मंजूर नसे. अजून थोडं उकळलं की चार पिंपं जास्त भरतात, एवढंच त्याला कळे. काका तोंडावर सांगायचे, "साहेब, वास घ्या. ह्यो माल नाय, घाण हाय घाण." मॅनेजर दात काढायचा. ते हसू आठवलं तरी मला आजही शिसारी येते.

काका आजारपणाच्या रजेवर असताना असाच एक माल निघाला. मी चाचणी केली. उकळताना पारा दोनशे अंशांच्या मर्यादेच्या बराच पुढे गेला, तेव्हा कुठे शेवटचा थेंब आला. टिपकागदावर शेपटाचा तेलकट डाग तसाच राहिला. मॅनेजरने माल चोख असल्याचा दाखला पुढे सरकवला. "कायम व्हायचंय ना तुम्हाला?" मी सही केली.

ती पिंपं पेणला गेली. काकांची धाकटी बहीण कमळाताई रामवाडीत गणपतीचा कारखाना चालवायची. भावाच्या प्रयोगशाळेतला माल म्हणून तिने डोळे झाकून घेतला आणि सगळ्या मुकुटांचा सोनेरी रंग त्यातच कालवला. चतुर्थी आठ दिवसांवर आली तरी तो सुकेना.

रजा संपवून आलेले काका मला तिथे घेऊन गेले. रांगेने मूर्ती, आणि प्रत्येकीच्या मुकुटाला माश्या चिकटलेल्या. काही अजून पाय हलवत होत्या. "बोट लाव," काका म्हणाले. मी लावलं. ते सुटताना चिकट आवाज झाला.

"दादा, तुझ्या नावावर विश्वासून घेतला रे मी," कमळाताई म्हणाली. काका चिंधी घेऊन खाली बसले आणि चांगल्या टर्पेंटाइनने एकेक मुकुट पुसू लागले. तीन दिवस पुसत होते. तरी निम्म्या मूर्ती चतुर्थीला कुणाच्या घरी गेल्या नाहीत.

"काका, सही माझी होती," मी म्हटलं.

"ठाव हाय. डाग दिसला व्हता तुला?"

"हो."

"दिसला नसता तर शिकवता आलं असतं."

रोह्याला परतल्यावर मॅनेजरने त्यांच्याकडून लिहून मागितलं की माल चोख होता, चूक रंगवणाऱ्यांची. काकांनी त्याऐवजी राजीनामा लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी माल चोख असल्याचा तोच मजकूर माझ्यापुढे आला. मी सही केली. महिन्याभरात काकांची खुर्ची मला मिळाली, आणि मी तीत बसले.