म्हशीनं खाल्लेल्या गोळ्या

मुधोळच्या बाजारात उद्धवरावाचं किराणा दुकान होतं, पण त्याची खरी मिजास दुकानावर नव्हती, उजव्या पायावर होती. हा माणूस आईच्या पोटातून पायाकडून बाहेर आला, म्हणजे पायाळू. कुणाच्या कमरेत चमक भरली की पायाळू माणसानं पाठीला लाथ लावायची, चमक पळते, असा सगळ्या पंचक्रोशीत विश्वास. जन्मताना आईचे हाल केले, यापलीकडे त्यानं आयुष्यात काय कमावलं, हे त्याच्या बायकोला, गयाबाईला, इतकी वर्षं संसार करून सापडलं नव्हतं.

मग त्याला रक्ताची हगवण लागली. गावातली औषधं हरली तेव्हा गयाबाईनं त्याला बसमध्ये कोंबून नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आतड्याला जखमा आहेत. या पांढऱ्या गोळीनं आराम पडेल. पण हा आजार हाडं खातो, आणि ही गोळी फार दिवस घेतली तर तीही खाते. मी सांगेन तशी कमी करायची. कॅल्शियमच्या गोळ्या रोज घ्यायच्या आणि पुन्हा दाखवायला यायचं."

उद्धवरावानं यातलं आराम तेवढं ऐकलं. रक्त थांबलं, भूक लागली, तोंड सुजून टम्म झालं. बाजारात लोक म्हणाले, "शेठ, तब्येत झाली!" बस्स, हुरळला गडी! नांदेड बंद. पांढरी गोळी मात्र मेडिकलवाल्याकडून चालूच.

"अवो, डाक्टरनं कमी कराले सांगतली नं?"

"डाक्टरले काय समजते? माहा चेहरा पाह्य कसा भरला!"

"भरला नाई, सुजला. आन् कॅल्शियमच्या गोळ्या काऊन घेत नाई?"

"त्या पोटुशा बायकांच्या गोळ्या हायेत. मी काय बाळंत होऊन राह्यलो?"

आणि त्या दीडशहाण्यानं त्या कुटून म्हशीच्या ढेपेत कालवल्या, दूध वाढेल म्हणून! गयाबाईनं कपाळावर हात मारला. पुढं त्याची पाठ दुखायला लागली, खांदे वाकले, उंची कमी झाली, धोतर पायात यायला लागलं. तर म्हणतो कसा, आजकाल धोतरंच लांब येतात! गयाबाईला रात्रंदिवस एकच धास्ती होती. हा माणूस एक दिवस मोडणार, आणि उचलायचं आपल्यालाच.

हळदीचं पोतं उचलताना बाबारावाच्या कमरेत चमक भरली. हा बैलासारखा आडदांड शेतकरी वाकडा होत दुकानात आला, भिंतीला हात टेकून ओणवा उभा राहिला. बघायला दारात माणसं जमली.

"नुसता आंगठा लावा," गयाबाई आतून ओरडली. "तुमची हाडं धड नाईत!"

पण माणसं बघत असताना आंगठ्यावर भागवील तो उद्धवराव कसला! त्यानं धोतर खोचलं आणि पाय चांगला उंच उचलला. बाबारावाची पाठ तेल चोळून चोपडी झालेली. पाय घसरला आणि शेठ कुशीवर आपटले. लहान पोर असतं तर धूळ झटकून उठलं असतं. ह्याचं खुब्याचं हाड कडाडलं, ते दारातल्यांनी ऐकलं.

दचकून बाबाराव ताठ झाला. "गेली! चमक गेली नं भाऊ!"

आणि खाली पडलेला हा महाभाग कण्हत म्हणतो, "पाह्यलं का गये? गुण आला!"

आता आपणच ह्याला एक लाथ घालावी, असं गयाबाईला मनापासून वाटलं.

नांदेडला डॉक्टरांनी विचारलं, "कॅल्शियम घेत होतात ना?"

"घेत होतो नं."

"म्हशीनं घेतलं," गयाबाई म्हणाली. "तिची हाडं झ्याक हायेत, पायजे तर आणून दाखवू."

डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं. हाड बसवू, पण भुगा झालेलं हाड धरेल तितकंच धरेल, म्हणाले. आता काठीशिवाय चालणं नाही.

त्यानंतर रोज सकाळी तिनं खाट उन्हात ओढायची, हातावर गोळी ठेवायची, आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही. "तोंड उघडा. जीभ वर करा." गोठ्यातली म्हैस बघत असायची.

एका सकाळी त्यानं गोळी हातात घेतली आणि मान खाली घालून बारीक आवाजात विचारलं, "गये, मी पयल्यासारखा चालीन का?"

म्हशीले विचारा, हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. पण इतक्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"चालसान," ती म्हणाली. "पयले हे गिळा."